वेबसाइटवर येणाऱ्यांची माहिती: कुठून येते, कुठे जाते, कशी सांभाळायची

कंपनीत कामं वाटताना "वेबसाइट आता तुम्ही बघा" असं सांगितलं जातं आणि जाता जाता एक वाक्य जोडलं जातं, "ते प्रायव्हसी पॉलिसीचं पानही करून टाका." मग नवखा माणूस दुसऱ्या एखाद्या कंपनीचं पान उघडतो, त्यातलं नाव बदलतो आणि मजकूर आपल्या साइटवर चिकटवतो. आम्ही अमुक माहिती घेतो, तमुक काळ ठेवतो, मागितल्यास पुसतो, असं त्या पानावर लिहिलेलं असतं. त्यातलं आपल्या साइटला किती लागू आहे, हे मात्र कंपनीत कुणालाच सांगता येत नाही.

हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. जिथे डेव्हलपरची मदत लागेल तिथे त्याला नेमकं काय विचारायचं ते सांगितलं आहे. फक्त क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी साइट प्रत्यक्षात काय करते ते शोधायचं, नको ते बंद करायचं, उरलेल्याला कुलूप लावायचं, आणि हे झाल्यावर जी वस्तुस्थिती उरेल ती धोरण म्हणून लिहायची.

पायरी १: माहितीचा माग काढा

एक कोरी स्प्रेडशीट उघडा आणि सहा रकाने करा: कोणती माहिती, कुठून येते, कुठे साठते, कोण बघतं, कशासाठी हवी, कधी पुसायची. शेवटचे दोन रकाने सुरुवातीला रिकामे राहतील. राहू द्या. ते रिकामे का राहतात, हेच पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

आता इन्कॉग्निटो विंडो (आधीच्या कुकी आणि लॉगिन न वापरणारी ब्राउझरची खासगी खिडकी) उघडून अनोळखी पाहुण्यासारखे आपल्याच साइटवर फिरा. संपर्काचा फॉर्म सगळ्यांना आठवतो. विसरलेली पानं वेगळीच असतात: दोन वर्षांपूर्वीच्या जाहिरात मोहिमेचं पान, माहितीपत्रक डाउनलोड करण्याआधी ईमेल मागणारी चौकट, कोपऱ्यातली चॅटची खिडकी, नोकरीचा अर्ज. नोकरीच्या अर्जाकडे खास लक्ष द्या. बायोडेटामध्ये जन्मतारीख, घरचा पत्ता, फोटो, आधीचा पगार असं सगळं एकत्र सापडतं. साइटवरची सर्वांत नाजूक माहिती बहुतेक वेळा तिथेच असते.

प्रत्येक फॉर्म चाचणीचं नाव टाकून स्वतः भरा आणि ती नोंद कुठे कुठे पोहोचली ते शोधत जा. साइटच्या डेटाबेसमध्ये एक प्रत पडते. विक्री विभागातल्या तिघांना ईमेल जातो, म्हणजे आणखी तीन. त्यातला एक जण ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, दुसरा एक्सेलमध्ये चिकटवतो. एका चौकशीच्या इतक्या प्रती होतात आणि कुलूप लागलेलं असतं फक्त पहिलीला. हा माग काढायला अर्धा दिवस जाईल, पण त्याला पर्याय नाही. सहकाऱ्यांना "तुमच्याकडे चौकशी आली की तुम्ही पुढे काय करता?" असं साधेपणाने विचारा. तपासणीचा सूर लागला की लोक नियमात लिहिलेलं उत्तर देतात आणि खरं काय करतात ते सांगत नाहीत.

फॉर्म कुणी भरला नाही तरी माहिती येतच असते. पान उघडलं की सर्व्हरच्या, म्हणजे साइट जिथे साठवलेली असते त्या संगणकाच्या, लॉगमध्ये (नोंदवहीत) एक ओळ उमटते: वेळ, आयपी ॲड्रेस (पाहुण्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), कोणतं पान, कोणता ब्राउझर. नाव नाही म्हणून ही वैयक्तिक माहिती नव्हे, असं समजू नका. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये एका खटल्यात सांगितलं की साइट चालवणाऱ्याला त्या ॲड्रेसवरून माणसापर्यंत पोहोचण्याचा कायदेशीर मार्ग असेल, तर बदलता, म्हणजे इंटरनेट कंपनी वेळोवेळी नवा देते तो, आयपी ॲड्रेससुद्धा वैयक्तिक माहिती ठरतो. आणि नाव काढून टाकणं किती तोकडं पडतं हे २००६ मध्ये दिसलं होतं. एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी लाखो वापरकर्त्यांनी केलेले शोध जाहीर केले. नावांच्या जागी नुसते क्रमांक होते. काही दिवसांतच पत्रकार त्या क्रमांकांमागच्या एका बाईंच्या दारात उभे होते, कारण माणूस स्वतःच्या गावाबद्दल, आडनावाबद्दल, दुखण्यांबद्दल शोधत असतो आणि हे सगळं जोडलं की ओळख पटते.

पायरी २: तुमच्या पानावर आणखी कोण बसलंय?

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी हीच सगळे वगळतात. त्याच इन्कॉग्निटो विंडोमध्ये कीबोर्डवरचं एफ १२ दाबा. डेव्हलपर टूल्स उघडतील. त्यात नेटवर्क नावाचा टॅब आहे. तो उघडा ठेवून पान पुन्हा लोड करा आणि कुकीच्या बॅनरवर अजून काहीही दाबू नका. खाली भराभर ओळी येतील. प्रत्येक ओळ म्हणजे पाहुण्याच्या ब्राउझरने कुणाकडे तरी केलेली मागणी. यातल्या ज्या ओळींत तुमच्या साइटचा पत्ता नाही, त्या सगळ्या टिपून घ्या.

पहिल्यांदा ही यादी पाहणारा बहुतेक चक्रावतो. अक्षरांचा फॉन्ट एकीकडून, नकाशा दुसरीकडून, व्हिडिओ तिसरीकडून, शिवाय भेटींची मोजणी, जाहिरातीचा पिक्सेल (पाहुण्याची खबर जाहिरात कंपनीला देणारा छोटा कोड), चॅटचा विजेट. यातला प्रत्येक जण पाहुण्याचा आयपी ॲड्रेस बघतो, आणि हा माणूस कोणत्या साइटवरून आला हेही त्याला सहसा कळतं. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या एका न्यायालयाने अशाच कारणावरून एका पाहुण्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. साइटने केलं इतकंच होतं की गूगलचे फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून मागवले, पाहुण्याची संमती न घेता. रक्कम किरकोळ, पण मुद्दा पक्का: पान तुमचं असेल तर त्या पानाने कुणाकुणाला बोलावलं याचं उत्तरही तुम्हीच द्यायचं.

उपाय बरेचदा सोपे असतात. फॉन्टच्या फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात. नकाशाऐवजी त्याचं चित्र आणि खाली दुवा पुरतो. व्हिडिओच्या जागी आधी नुसतं चित्र दाखवायचं आणि पाहुण्याने त्यावर क्लिक केल्यावरच खरा व्हिडिओ मागवायचा. जाहिरातीचा पिक्सेल कुणी, कधी आणि का बसवला, हे मार्केटिंगला विचारा. "आधीच्या एजन्सीने बसवला असेल" असं उत्तर आलं तर तो काढून टाकायला आणखी कारण शोधायची गरज नाही.

पाहुण्याच्या माउसची हालचाल आणि टायपिंग रेकॉर्ड करणारी साधनं कुणी बसवली असतील तर तिथे थांबा. माणसाने लिहिलं, मग विचार बदलून खोडलं, फॉर्म पाठवलाच नाही, तरी ते शब्द तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचलेले असू शकतात. अशा साधनांत फॉर्मच्या चौकटी झाकण्याची सोय असते. ती चालू आहे का ते स्वतः पाहा. तसं रेकॉर्डिंग कुणी उघडूनही बघत नसेल, तर साधनच काढा.

बाहेरच्या स्क्रिप्टचा, म्हणजे पानात जोडलेल्या परक्या कोडचा, धोका फक्त माग काढण्यापुरता नाही. पानावर चालणारी स्क्रिप्ट त्या पानावर टाइप होणारं सगळं वाचू शकते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरची एक स्क्रिप्ट हल्लेखोरांनी गुपचूप बदलली आणि तिकीट काढणाऱ्यांच्या कार्डांचे तपशील पैसे भरतानाच बाहेर जाऊ लागले. प्रवाशाला काहीच वेगळं दिसत नव्हतं, कारण साइट खरी होती, ब्राउझरमध्ये पत्त्याजवळ दिसणारं कुलपाचं चिन्हही खरं होतं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. म्हणून डेव्हलपरला सांगा: पैसे भरण्याच्या आणि लॉगिनच्या पानांवर बाहेरची एकही अनावश्यक स्क्रिप्ट नको, आणि कोणत्या पत्त्यांवरून स्क्रिप्ट चालू शकतात हे ब्राउझरला सांगणारी 'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी' लावा.

कुकीबद्दल थोडं सविस्तर

कुकी म्हणजे साइटने पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. वेबला मुळात स्मरणशक्ती नव्हती. एका पानावरून दुसऱ्यावर गेलं की सर्व्हर माणसाला विसरायचा, मग खरेदीची टोपली सांभाळणार कशी? त्या गरजेसाठी कुकी आली. ती कामं ती आजही करते: लॉगिन टिकवणं, भाषा लक्षात ठेवणं. अशा अत्यावश्यक कुकीसाठी युरोपच्या नियमांतही संमती मागावी लागत नाही. संमती लागते ती माग काढणाऱ्या आणि जाहिरातींसाठीच्या कुकींना.

संमतीचा बॅनर खरा की देखाव्याचा, हे तपासायची रीत सोपी आहे. नवी इन्कॉग्निटो विंडो, नेटवर्क टॅब उघडा, आणि बॅनरवर 'नकार' दाबा. त्यानंतरही जाहिरात कंपन्यांच्या ओळी येतच राहिल्या, तर बॅनर नुसता शोभेचा आहे. असे बॅनर पुष्कळ साइटवर आहेत. मला तर बॅनर अजिबात नसण्यापेक्षा हे वाईट वाटतं, कारण इथे माणसाने 'नको' म्हटलेलं असतं आणि ते डावललं जातं.

आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आणि स्वीकारायला एक क्लिक, नाकारायला मात्र अनेक, अशा मांडणीसाठी फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. तेव्हा दोन्ही बटणं एकाच आकाराची, शेजारी शेजारी ठेवा. त्याहून बरं म्हणजे, माग काढणाऱ्या कुकी खरंच हव्यात का हे ठरवा. महिन्याला किती लोक आले आणि कोणतं पान वाचलं, एवढंच व्यवस्थापनाला हवं असेल, तर ते कुकीशिवाय मोजणारी साधनं मिळतात.

पायरी ३: फॉर्म छाटा

आता स्प्रेडशीटमधला 'कशासाठी हवी' हा रकाना. प्रत्येक चौकटीसमोर विचारा: ही माहिती नसेल तर पाहुण्याचं काम अडेल का? आपलं नव्हे, पाहुण्याचं. उत्तर ईमेलने देणार असाल तर फोन नंबर कशाला? वय १८ च्या वर आहे का एवढंच कळायला हवं असेल, तर पूर्ण जन्मतारीख घेऊ नका. "पुढे कधीतरी उपयोगी पडेल" हे कारण त्या रकान्यात लिहावं लागलं, तर ती चौकट काढायची. विक्री विभाग कुरकुर करेल. लांबलचक फॉर्म बघून किती लोक अर्ध्यावर सोडून जातात, हे त्यांना दाखवा. ही भाषा त्यांना लवकर पटते.

जाहिरातींचे ईमेल पाठवण्याची परवानगी वेगळ्या, रिकाम्या चौकटीतून घ्या. चौकशीचं उत्तर मिळवण्यासाठी ती परवानगी देणं भाग पडता कामा नये.

'तुमचा संदेश' ही मोकळी चौकट दिसते तेवढी साधी नाही. तिथे लोक आजारपण लिहितात, बँकेचे तपशील लिहितात, क्वचित पासवर्डही. चौकटीखाली 'कृपया कार्ड किंवा खात्याचे तपशील लिहू नका' अशी एक ओळ घाला. फोटो घेणारा फॉर्म असेल तर डेव्हलपरला सांगा की फोटोच्या फाइलमध्ये दडलेलं ठिकाण आणि वेळ साठवण्याआधी पुसून टाका. मोबाइलवर काढलेल्या फोटोत तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश असू शकतात.

एक चाचणी स्वतः करण्यासारखी आहे. फॉर्म पाठवल्यावर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे बघा. तिथे तुम्ही भरलेला ईमेल किंवा नाव दिसत असेल तर फॉर्म चुकीच्या पद्धतीने पाठवला जातोय. पत्त्यात आलेली गोष्ट ब्राउझरच्या इतिहासात राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये जाते आणि भेटी मोजणाऱ्या साधनाकडेही पोहोचते. डेव्हलपरला एवढंच म्हणा: "फॉर्म गेटने जातोय, पोस्टने पाठवा." त्याला कळेल.

पायरी ४: उरलेल्याला कुलूप

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असायलाच हवं. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था त्यासाठीचं प्रमाणपत्र मोफत देतात. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होतंय ना ते पाहा. मुद्दाम जुन्या पद्धतीने, शेवटच्या 'एस'शिवाय, म्हणजे नुसतं एचटीटीपी लिहून पत्ता टाइप करा. साइटने स्वतःहून सुरक्षित पत्त्यावर नेलं पाहिजे. पण यातून संरक्षण मिळतं ते फक्त पाहुण्याच्या ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर. सर्व्हरवर पोहोचल्यावर त्या माहितीचं काय होतं, याबद्दल कुलपाचं चिन्ह काहीच सांगत नाही.

साइटवर लॉगिन असेल तर 'पासवर्ड विसरलात?' दाबून पाहा. ईमेलमध्ये तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा आला, तर तो वाचता येईल अशा रूपात साठवलेला आहे आणि हे काम आजच्या आज थांबवून दुरुस्त करायचं आहे. पासवर्डचा हॅश साठवायचा असतो, म्हणजे गणिताने बनवलेली अशी खूण जिच्यावरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. मात्र नुसता हॅशही पुरत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे लाखो हॅश बाहेर आले. ते जलद गणिताने बनवलेले होते आणि प्रत्येकात वेगळी यादृच्छिक भर, म्हणजे सॉल्ट, घातलेली नव्हती. त्यामुळे नेहमीचे पासवर्ड चटकन ओळखले गेले. डेव्हलपरला विचारा की बीक्रिप्ट किंवा आर्गॉन २ वापरलंय का. हॅश बनवण्याच्या या पद्धती मुद्दाम संथ ठेवलेल्या आहेत आणि सॉल्ट त्यांच्यातच येतं.

कार्डचे तपशील आपल्या सर्व्हरवर घेऊच नका. पाहुण्याला पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, पानावर पाठवा. कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायला कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार व्यापाऱ्याला मनाईच आहे.

यानंतरची चाचणी बिनखर्चाची आहे आणि भल्याभल्या साइट तिच्यात नापास होतात. चाचणीची दोन खाती उघडा. पहिल्या खात्यातून एखादी ऑर्डर किंवा कागद उघडा आणि पत्त्यातला क्रमांक बघा. आता दुसऱ्या खात्यातून लॉगिन करून तोच पत्ता उघडा. कागद दिसला, तर कुणाचंही काहीही कुणालाही दिसतंय. अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता व्यवहारांतल्या कंपनीची सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रं २०१९ मध्ये अशीच उघडी सापडली. पत्त्यातला आकडा बदलला की पुढचा कागद हजर. कसलंही हॅकिंग लागत नव्हतं. हीच गोष्ट अपलोड झालेल्या बायोडेटांची. एका फाइलचा दुवा कॉपी करा आणि लॉगिन न केलेल्या विंडोमध्ये टाका. उघडली, तर आज घरी उशिरा जायची तयारी ठेवा. इथे एक सूचना: ही तपासणी स्वतःच्या साइटवर, स्वतःच्या चाचणी खात्यांनी आणि वरिष्ठांना सांगूनच करायची. दुसऱ्याच्या साइटवर असे आकडे बदलून पाहणं अंगाशी येऊ शकतं.

अपडेटबद्दल बोलायला कंटाळा येतो, तरी बोलावं लागतं. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. ज्या त्रुटीतून चोर शिरले तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती आणि चोरी मे महिन्यात सुरू झाली. साइटची प्रणाली आणि प्रत्येक प्लगइन (साइटला जादा सोय देणारा जोड) कोण, कोणत्या वारी अपडेट करणार, हे नावानिशी ठरवा. वापरात नसलेला प्लगइन 'बंद' करून ठेवू नका, काढून टाका.

बॅकअप कुठे आहेत? साइटच्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप' नावाची झिप फाइल पडलेली नाही ना? तसली नावं अंदाजाने टाकून पाहणारे रोबो दिवसरात्र फिरत असतात. बॅकअप वेगळ्या जागी, एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे ठेवायचे, आणि त्यातून साइट खरोखर परत उभी राहते का हे अधूनमधून करून पाहायचं.

पायरी ५: आतली माणसं

ॲडमिन खात्यांची यादी काढा. नोकरी सोडून गेलेले, काम संपलेल्या एजन्सी, 'टेस्ट' नावाचं कुणाचंच नसलेलं खातं, सगळं त्यात सापडेल. प्रत्येकाला स्वतःचं खातं, त्यावर टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी, जसा मोबाइलवरचा कोड), आणि कामापुरतीच परवानगी. मजकूर लिहिणाऱ्याला ग्राहकांची यादी दिसायचं कारण नाही.

मग त्या एक्सेलकडे या. डेटाबेसला चार कुलपं लावून उपयोग नाही, जर दर सोमवारी कुणीतरी सगळी यादी उतरवून लॅपटॉपवर ठेवत असेल. अशी यादी का लागते ते विचारा. बऱ्याचदा एखादा साधा अहवाल साइटमध्येच दाखवला की यादी उतरवायची गरज संपते. शंभर ग्राहकांना एकच ईमेल पाठवताना सगळे पत्ते 'टू'मध्ये टाकणं, ही माहितीफुटीची सर्वांत सामान्य आणि सर्वांत लाजिरवाणी तऱ्हा. त्यासाठी यादीला ईमेल पाठवणारं साधन वापरायची सक्ती करा, 'बीसीसी' लक्षात राहील यावर विसंबू नका.

डेव्हलपर चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्या ग्राहकांची माहिती वापरतात का, हेही विचारा. तिथे कुलपं ढिली असतात. खोटी नावं तयार करून देणारी साधनं आहेत, ती वापरायला सांगा.

पायरी ६: पुसायचं कधी?

शेवटचा रकाना अजून रिकामाच असेल. बहुतेक कंपन्यांत माहिती पुसण्याचा निर्णय कुणीच घेत नाही, म्हणून ती पुसलीच जात नाही. प्रत्येक प्रकारासमोर एक मुदत लिहा. सर्व्हरचे लॉग काही आठवडे पुरतात. ज्या चौकशीतून पुढे काही झालं नाही ती काही महिन्यांनी जावी. नाकारलेले नोकरीचे अर्ज भरती संपल्यावर ठरावीक काळाने जावेत. बिलं आणि हिशेब मात्र कर कायदा सांगेल तेवढी वर्षं ठेवावेच लागतात. तिथे पुसण्याची घाई करू नका, हिशेबनिसाला विचारा.

मुदत ठरली की पुसण्याचं काम आपोआप व्हायची सोय करा. कॅलेंडरमधल्या आठवणीवर ते फार दिवस टिकत नाही. बॅकअपमधून एकेक नाव काढणं अवघड असतं. जुने बॅकअप ठरावीक दिवसांनी नष्ट होतात आणि तोवर त्यांतली पुसलेली माहिती परत वापरात आणली जात नाही, एवढं पाळलं तरी व्यवहारात भागतं. एक विचित्र वाटणारी गोष्टही ध्यानात ठेवा. "मला ईमेल पाठवू नका" असं म्हणणाऱ्याचा पत्ता पूर्ण पुसला, तर पुढच्या वेळी नव्या यादीतून त्याला पुन्हा ईमेल जाईल. म्हणून 'यांना पाठवायचं नाही' अशी छोटी यादी ठेवावी लागते, आणि तीत पत्त्याशिवाय काहीही नसावं.

पायरी ७: आता पान लिहा

स्प्रेडशीट भरली असेल तर धोरण जवळजवळ लिहून झालंय. रकाने वाक्यांत उतरवायचे. 'आम्ही आपली माहिती निवडक विश्वासू भागीदारांना देऊ शकतो' हे वाक्य कुणालाच काही सांगत नाही. 'तुमचं नाव आणि पत्ता माल पोहोचवणाऱ्या कंपनीला देतो, कारण त्याशिवाय पार्सल येणार नाही. जाहिरात कंपन्यांना काहीही देत नाही' हे समजतं. अर्थात दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. 'आम्ही तुमच्या माहितीची संपूर्ण सुरक्षितता जपतो' असली हमी देऊ नका. ती कुणालाच पाळता येत नाही आणि काही झालं की तेच वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जातं.

पानावर शेवटच्या बदलाची तारीख आणि ज्यावर खरंच कुणीतरी उत्तर देतं असा ईमेल पत्ता हवा. जुन्या आवृत्त्या जपून ठेवा. मार्चमध्ये फॉर्म भरणाऱ्याला तुम्ही काय सांगितलं होतं, हे डिसेंबरमध्ये दाखवावं लागू शकतं. लांबलचक पान फार थोडे लोक वाचतात, म्हणून मुख्य गोष्ट फॉर्मच्या शेजारीच एका ओळीत सांगा: हा नंबर आम्ही फक्त परत फोन करण्यासाठी वापरतो, ९० दिवसांनी पुसतो.

कोणता कायदा लागू होतो हे तुमचे पाहुणे कुठे आहेत यावरही ठरतं. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे, आणि कंपनी बाहेरची असली तरी तिथल्या लोकांना माल किंवा सेवा देऊ करत असेल तर तिलाही तो बांधतो. सर्वांत मोठा दंड २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांतला जो जास्त तो. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या यादीत आहे. पान लिहून झालं की वकिलाला दाखवा. त्याच्यासमोर स्प्रेडशीटही ठेवा, म्हणजे तो ऐकीव मजकुरावर नव्हे तर वस्तुस्थितीवर मत देईल.

पायरी ८: कुणी विचारलं तर, आणि माहिती फुटली तर

"माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे?" असा ईमेल कधीतरी येतोच. जीडीपीआरमध्ये याला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. विचारणारा तोच माणूस आहे ना, हे बघणं गरजेचं आहे, नाहीतर उत्तर देतानाच माहिती फुटेल. पण त्यासाठी ओळखपत्राची प्रत मागवू नका. तुमच्याकडे आधीपासून नोंदलेल्या ईमेलवर पडताळणीचा दुवा पाठवणं बहुतेक वेळा पुरतं. ओळखपत्र मागितलं की सांभाळायला आणखी एक नाजूक कागद वाढतो.

माहिती फुटल्याची शंका आली, तर पहिली उबळ सर्व्हर पुसून नव्याने उभा करायची येते. ती आवरा. लॉग गेले की काय झालं, कुणाकुणाची माहिती गेली, हे कधीच कळणार नाही. सर्व्हरची आणि लॉगची आहे तशी प्रत काढा, मगच शिरण्याची वाट बंद करा. पासवर्ड बदला, आणि पेमेंट गेटवेच्या आणि ईमेल सेवेच्या किल्ल्या (साइटला त्या सेवांशी जोडणारे गुप्त संकेत) बदला. कोणती गोष्ट किती वाजता कळली हे पहिल्या मिनिटापासून कागदावर लिहीत राहा, कारण घड्याळ तिथूनच चालू होतं. जीडीपीआरमध्ये लोकांना धोका संभवत असेल तर कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला सांगावं लागतं. सगळा तपास पूर्ण व्हायची वाट पाहायची नसते. जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगून उरलेलं नंतर कळवता येतं.

ज्यांची माहिती गेली त्यांना लिहायच्या पत्राचा मसुदा आजच, शांत डोक्याने, तयार करून ठेवा. त्यात चार गोष्टी हव्यात: काय झालं, तुमची नेमकी कोणती माहिती गेली, आम्ही काय केलं, तुम्ही आता काय करावं. 'आपली सुरक्षितता हीच आमची प्राथमिकता' हे वाक्य गाळा. आणि त्या ईमेलमध्ये लॉगिनचा दुवा घालू नका. माहितीफुटीची बातमी पसरली की त्याच दिवशी तशाच दिसणाऱ्या बनावट ईमेलची लाट येते. लोकांना साइटचा पत्ता स्वतः टाइप करून पासवर्ड बदलायला सांगा.